धूर भट्टीचा, श्वास मोहल्ल्याचा

भंगाराच्या धंद्यावर धुळ्यात अनेक घरांची चूल पेटते. म्हणूनच या धंद्यातील बांधवांशी आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत शेजारचे जळगाव आहे, धुळे नाही. यादीत नाव नाही म्हणजे हवा स्वच्छ, असे कोणी समजू नये.

जुन्या बॅटरीतील शिसे ३२७ अंशांवर वितळते. साधी भट्टीही पुरते. पण त्याची भुकटी कारागिराच्या कपड्यांवरून घरात जाते आणि मुलांच्या मेंदूला इजा करते. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे हवेतील शिशाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे. मोजल्याशिवाय ती पाळली जाते की नाही, हे कळणार कसे?

आमचे म्हणणे एवढेच: वस्तीत शिसे वितळवू नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत कारखान्यालाच द्याव्यात. पितळ, ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांना धूर गाळण्याची सोय आणि उंच धुराडे असावे. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मोजणीची मागणी व्यापाऱ्यांनीच करावी. तक्रारीनंतर टाळे लागते. आधी मोजणी झाली तर धंदाही वाचेल, मुलेही वाचतील.