धामणगाव गढी की धामणगाव रेल्वे?

आमच्या अमरावती जिल्ह्यात धामणगावे दोन. एक अचलपूर तालुक्यातले, चिखलदऱ्याच्या वाटेवरचे. त्याचे नाव धामणगाव गढी. दुसरे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे. ते धामणगाव रेल्वे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात तिसरे धामणगाव बढे आहे, पण त्याच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही. एका गावाचे आडनाव गढी आणि दुसऱ्याचे रेल्वे! एक चार भिंतींच्या आड बसून राखण करणारे, दुसरे रुळावरून चालते होणारे. माझे म्हणणे एवढेच की, नोकरीतून मोकळ्या झालेल्या आमच्या वऱ्हाडी माणसाने उरलेल्या आयुष्यासाठी यांतले कोणते आडनाव लावायचे, ते एकदा ठरवून टाकावे. आणि ठरवताना घरातल्या बाईलाही विचारावे.

१८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि या मुलखातला कापूस गाठी बांधून मुंबईला व तेथून थेट मँचेस्टरला जाऊ लागला. यवतमाळचा माणूसही मोठी गाडी धरायला धामणगावच्याच फलाटावर येतो. असे हे जाण्यायेण्याचे गाव. पण कापूस विलायतेपर्यंत गेला आणि माणूस मात्र निवृत्त झाला की ओट्यावरच्या खुर्चीपर्यंत गेला! सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी स्टेशनापर्यंत फेरी, आणि गाड्या दुसऱ्यांना घेऊन जाताना पाहणे. याला आपण 'सुखाचे म्हातारपण' म्हणतो.

आता समजा, एखाद्या निवृत्त जोडप्याने दिवाळी झाल्यावर घराला कुलूप लावले, आत दोन माणसे निजतील, चूल पेटेल, पाण्याची टाकी बसेल अशी एक मोटारगाडी घेतली किंवा भाड्याने आणली, घरचे कुत्रे मागच्या बाकावर बसवले आणि संक्रांतीपर्यंत परत येत नाही असे सांगून ते निघाले. परदेशात याला मोटरहोम किंवा कॅराव्हॅन म्हणतात; आपण चाकांवरचे घर म्हणू. गल्लीत काय होईल? "काहून जी, घराले कुलूप लावून कुठी चालले?" इथून सुरुवात. मग "या वयात हे काय खूळ!" मग "कुत्रं घेऊन फिरते म्हणे!" आणि शेवटी, मान हलवून, "पोरं पाहत नसतील, दुसरं काय!" जोडपे समृद्धी महामार्गाच्या फाट्यावर पोहोचण्याआधी त्यांच्या मुलांची अब्रू चौकात निघालेली असेल. या चौकालाच मला उत्तर द्यायचे आहे.

पहिला आक्षेप असा की, हे विलायती थेर आहे. अमेरिकेत असे होते, हे खरे. तिथल्या उत्तरेकडचे आणि कॅनडातले हजारो म्हातारे थंडीला भिऊन आपापली चाकांवरची घरे घेऊन दक्षिणेत उतरतात. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचे लहानसे गाव आहे, ते हिवाळ्यात अशा गाड्यांनी भरून जाते. पण आम्हाला हे अमेरिकेकडून शिकायचे आहे काय? परतवाडा-बैतूल रस्त्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरात सुरू होते, महिन्याहून अधिक चालते. आमचे आजे-पणजे बंडीवर तट्ट्या बांधून, खाली कडबा आणि वर वाकळ अंथरून, पीठ-मीठ-भांडी घेऊन सहकुटुंब तिथे जात, राहुट्या ठोकत, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत आणि वांग्याच्या भाजीबरोबर ते तुपात बुडवून खात. घर चाकांवर होते, चूल बरोबर होती, मुक्काम उघड्यावर होता. आणि कुत्रे? गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला गाडा आपणच ओढतो असे वाटते, ही म्हण मराठीत कोणी फुकट तयार केली? कुत्रे गाडीखाली चालत होते म्हणून ती झाली. बैल जाऊन इंजिन आले आणि कुत्रे चाकांखालून बाकावर आले, एवढाच काय तो फरक. शिवाय तिकडचा म्हातारा थंडीपासून पळतो. आमच्या वऱ्हाडात उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो, तेव्हा पत्र्याच्या गाडीत राहण्याचा एकच ऋतू, तो म्हणजे हिवाळा. तुरीच्या शेंगा भरलेल्या, संत्री उतरलेली, सोलेवांग्याचे दिवस. हा ऋतू खिडकी लावून दुलईत घालवणे म्हणजे पंगतीला बसून उपास करण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप सात्त्विक चेहऱ्याने येतो. "फिरायचंच असेल तर काशी-रामेश्वर करा; नाहीतर नातवंडं सांभाळा. घर कोण पाहील?" या लोकांना शास्त्र फार प्रिय, म्हणून शास्त्रानेच उत्तर देतो. चार आश्रमांतला तिसरा वानप्रस्थ. केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले की घर मुलाच्या हाती देऊन बाहेर पड, पत्नीला बरोबर नेलेस तरी चालेल, असे मनूने सांगितले. मनूचे सगळेच ऐकावे असे माझे मुळीच मत नाही. पण आपण नेमके हेच ऐकत नाही! शास्त्र सांगते, नातवाचे तोंड पाहिले की नीघ. आणि आपण नातवाचे तोंड पाहिले की पुण्याच्या गाडीचे तिकीट काढून त्याची दुपट्टी बदलायला जातो. नातवंडाचे सुख मोठे आहे, ते कोणी नाकारीत नाही. पण सुख आणि बिनपगारी नोकरी यांतला फरक सून-मुलांनी नाही ओळखला, तर आजी-आजोबांनी ओळखावा.

आणि घर कोण पाहील? अहो, घर तुम्हाला पाहण्यासाठी बांधले की तुम्ही घराला पाहण्यासाठी जन्मलात? उभ्या नोकरीत पैसा-पैसा जोडून स्लॅब टाकला, वर दुसरा मजला काढला मुलासाठी. मुलगा गेला पुण्याला किंवा त्याहून दूर. आणि आता दोन म्हातारे सहा खोल्यांचे पहारेकरी झाले. अशा घराला मी गढी म्हणतो. याच जिल्ह्यात शेंडगावी गाडगेबाबा जन्मले. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, सगळीकडे परक्या माणसांसाठी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी साधी झोपडी बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवला, तोही कोण्या माडीत नव्हे, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, पेढी नदीकाठी. त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि घराला कुलूप लावणाऱ्याला वेडा म्हणायचे, हे दोन्ही एका तोंडाने करू नये.

तिसरी गोष्ट कोणी आक्षेप म्हणून काढीत नाही, म्हणूनच मी काढतो. ती म्हणजे बाईची. पुरुष अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होतो, त्याला नारळ, शाल आणि भाषण मिळते. त्याच्या बायकोला निवृत्तीची तारीखच नाही. नोकरी करणारी असली तरी एकीतूनच सुटते. चुलीपुढची नोकरी चालूच. कुत्र्याला घेऊन प्रवासाला निघालेले दोन मोठे पुरुष मला आठवतात. एक धर्मराज. महाप्रस्थानाला निघाला तेव्हा चार भाऊ, द्रौपदी आणि एक कुत्रे अशी मंडळी होती. द्रौपदी सर्वांत आधी पडली आणि धर्मराजाने मागे वळून पाहिले नाही; पण स्वर्गाच्या दारात इंद्राने कुत्र्याला मज्जाव करताच तो अडून बसला. दुसरा अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९६० च्या सप्टेंबरात, ट्रकवर बांधून घेतलेले घर घेऊन आणि चार्ली नावाचे कुत्रे शेजारी बसवून तो आपला देश पाहायला निघाला. त्यावरचे त्याचे पुस्तक १९६२ साली आले, आणि नोबेल पारितोषिकही त्याच साली. बायको मात्र न्यूयॉर्कला घरी; मध्ये काही ठिकाणी येऊन भेटली तेवढीच. दोघेही थोर, पण दोघांच्याही सोबतीला शेवटपर्यंत राहिले ते कुत्रे! आमचे धामणगावचे जोडपे या दोघांपेक्षा शहाणे ठरावे अशी माझी इच्छा आहे. तिघांनी जावे आणि तिघांनी परत यावे.

पण एका अटीवर. गाडीतली चूल पुरुषाने पेटवावी. नाहीतर चाकांवरचे घर म्हणजे चाकांवरचे स्वयंपाकघर होईल. चाळीस वर्षे धामणगावात पोळ्या लाटल्या, त्याच आता माहूरला लाटायच्या! सकाळचा चहा नवऱ्याने करावा, भांडी त्यानेच विसळावीत, आणि त्या बाईने गाडीच्या दारात ऊन खात नुसते बसावे. तिने असे कधी बसून पाहिले होते, हे तिला आठवते का, विचारा.

आता कुत्रे. "माणसाले खायाले नाही आणि यांचं कुत्रं मोटारीत!" हे बोलणारा माणूस कोणा भुकेल्याला रोज जेवू घालत असेल तर त्याच्यापुढे मी हात जोडतो. बहुतेक वेळा तो कोणालाच घालत नाही, ना माणसाला ना कुत्र्याला. पोरे शिकायला गेली, नोकरीला गेली, लग्न होऊन गेली. संध्याकाळी फाटक वाजल्यावर धावत येणारे घरात कोण उरले? त्याला दोन महिने शेजाऱ्याच्या दारी बांधून जायचे, तर जाण्यात आनंद तो काय? आमचे देवही कुत्र्यावाचून हिंडत नाहीत. बहिरम हे नाव भैरवाचे, आणि भैरवाचे वाहन कुत्रे. दत्तात्रेयाभोवती चार कुत्री. आणि दत्त तर सगळ्या फिरस्त्यांचा राजा: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला, असा ज्याचा नित्याचा दौरा! धामणगावला लागूनच दत्तापूर आहे. तेथल्या लोकांनी तरी कुत्र्याच्या प्रवासाला हसू नये.

देवाला जमते ते रेल्वेला जमत नाही. कुत्रे बरोबर न्यायचे तर वातानुकूलित पहिल्या वर्गाची अख्खी खोली घ्या, आणि दोघांची खोली मिळणार की नाही हे आरक्षणाचा तक्ता लागेपर्यंत कळायचे नाही. ते परवडत नसेल तर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत कोंडा. बाकीच्या वर्गांत त्याला जागा नाही. म्हाताऱ्यांची गोष्टही काही वेगळी नाही. साठ वर्षांवरच्या पुरुषाला चाळीस आणि अठ्ठावन्नवरच्या स्त्रीला पन्नास टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये महामारीच्या निमित्ताने काढून घेतली. महामारी ओसरली आणि सवलत काही तिच्याबरोबर ओसरल्यावाचून राहिली नाही. नावात रेल्वे असलेल्या गावाने रस्त्याचा विचार करावा, तो असा नाइलाजाने.

"पण म्हातारा गाडी चालवणार?" चालवील. पंचावन्न ओलांडलेल्याचा परवाना पाच-पाच वर्षांपुरताच वाढतो आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. पंचविशीतल्या पोराला मात्र तो चाळिशीपर्यंत एकदम मिळतो आणि मध्ये त्याचे डोळे कोणी तपासत नाही. म्हाताऱ्याने रात्री चालवू नये, दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटरांपलीकडे जाऊ नये, समृद्धीच्या सरळ सिमेंटवर डोळा लागेल असे वाटताच बाजूच्या फाट्याने उतरून जुना रस्ता धरावा. ७०१ किलोमीटरांचा तो महामार्ग ५ जून २०२५ ला पुरा खुला झाला. तो ज्यांना पोहोचायचे आहे त्यांच्यासाठी आहे. आपल्याला पोहोचायचे नाही, जायचे आहे. गाडीत फेरफार करायचे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आधी वाचावे. गल्लीतल्या वेल्डरवर विसंबू नये. कुत्र्याला लस टोचलेली असावी, गळ्यात पट्टा असावा. आणि मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात त्याला मुळीच नेऊ नये. पाळीव कुत्र्याचा रोग वाघाला आणि रानकुत्र्याला लागतो, तेव्हा तिथली बंदी योग्यच आहे.

सरकारलाही दोन शब्द. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले. कागद चांगला आहे. पण चाकांवरच्या घराला कागद लागत नाही. लागते एक सपाट जागा, एक नळ, विजेचा एक खटका, मैला टाकण्याची स्वच्छ सोय आणि रात्री उघडझाप करणारे एक फाटक. माहूरला, लोणारला, बहिरमला, कौंडिण्यपूरला एवढे करायला कोटी लागत नाहीत. गाडगेबाबांनी वर्गणीवर धर्मशाळा बांधल्या. आपल्याला राज्याच्या तिजोरीवर एक नळ बसवता येऊ नये?

कोणी म्हणेल, हे पैसेवाल्यांचे चोचले. सगळ्यांना गाडी परवडणार नाही, हे मला कबूल आहे. परंतु कोचीत चहाचे छोटे दुकान चालवणारे विजयन आणि त्यांच्या पत्नी मोहना यांनी रोजच्या गल्ल्यातून थोडे बाजूला ठेवून, कर्ज काढून, ते फेडून, पंचवीसहून अधिक देश पाहिले. २०२१ च्या नोव्हेंबरात विजयन वारले. पण तोवर त्या दोघांचे पाहून झाले होते. ज्याला मोटार परवडत नाही त्याने एसटीने जावे: पंचाहत्तरीपुढे राज्यात तिकीट लागत नाही, बायकांना अर्धे लागते. चाकांचा आग्रह माझा नाही, निघण्याचा आहे.

कारण शेवटचा हिशेब कडू आहे आणि तो सणाच्या दिवशीही सांगितला पाहिजे. दोघांपैकी एक आधी जाणार. कोण, ते ठाऊक नाही; केव्हा, ते ठाऊक नाही. मागे राहणाऱ्याजवळ सहा खोल्या उरतील. त्या खोल्यांत बसून आठवायला काही असावे, असे वाटत असेल तर ते आताच गोळा करायला हवे. "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणणारी कितीतरी जोडपी पुढच्या वर्षी जोडपी राहिली नाहीत.

वाचकहो, दिवाळीचे चार दिवस लेकरांबरोबर आनंदात घालवा; पणत्या लावा, फराळ करा. लेकरे आपापल्या गाड्यांनी परत जातील. पुढे मार्गशीर्ष येतो, दत्तजयंती येते, बहिरमच्या राहुट्या उभ्या राहतात. घराची किल्ली शेजारी देऊन ठेवा, गॅस बंद केल्याची दोनदा खात्री करा आणि कुत्र्याचे ताट आठवणीने गाडीत ठेवा. गढीवर कोणी चाल करून येत नाही हो. तिथे आता पहारा नको.