आमचे नाना मेजर नव्हते

फौजेत एकेका बढतीसाठी वर्षं घालवावी लागतात. आमच्याकडे मात्र माणूस गेल्यावर ती घरबसल्या मिळते. वर्षश्राद्धापर्यंत नायकाचा हवालदार होतो, नातवाच्या लग्नपत्रिकेत सुभेदार, आणि पणतू शाळेत जाऊ लागला की थेट मेजर! सरकारी हुकूम लागत नाही, परीक्षा लागत नाही. पुतण्यांची एक बैठक पुरते.

हे सगळं सांगायला कारण आहे. तलवाड्याच्या आमच्या नव्या घराच्या फाटकावर संगमरवरी पाटी लावायचं चाललं आहे. तीवर माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या, नावाआधी 'मेजर' आणि नावाखाली 'पाच शौर्यपदकांचे मानकरी' असं कोरून घ्यायचं मुलांनी ठरवलं आहे. माझा याला विरोध आहे. फोनवर बोललो तर "काका, तुम्हाला अभिमानच नाही" असं ऐकावं लागलं. म्हणून जे म्हणायचं ते इथे सविस्तर लिहितो. घरातल्यांनीही वाचावं आणि बाहेरच्यांनीही.

नाना आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. १९५७ साली भरती झाले, १९७९ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. बावीस वर्षं त्यांनी गाडी चालवली. हे खरं आहे आणि एवढंच खरं आहे. मला विचाराल तर हे फार मोठं आहे.

आता 'मेजर' आला कुठून? बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या भागात सुट्टीवर आलेल्या कुठल्याही जवानाला लोक 'मेजर' म्हणून हाक मारतात. "काय मेजर, कधी आलात?" त्यात प्रेम आहे, आदर आहे. चहाच्या टपरीवर त्याला कुणी हरकत घेऊ नये. पण हाक वेगळी आणि पाटी वेगळी. मला गावात सगळे 'गुरुजी' म्हणतात, म्हणून मी काही शंकराचार्य होत नाही!

खालून चढायचं तर शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार. मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. मेजर हा अधिकाऱ्यांचा हुद्दा, त्याची शिडीच निराळी. निवृत्त होताना काही हवालदारांना ऑनररी नायब सुभेदार हा मानाचा हुद्दा मिळतो. पण तो सरकार देतं, पुतणे देत नाहीत.

मुलांना 'हवालदार' हा शब्द का खुपतो, तेही मला कळतं. हवालदार म्हटलं की आपल्यासमोर नाक्यावरचा पोलीस उभा राहतो. फौजेतला हवालदार म्हणजे दंडावर तीन फिती. शिपायांना शिकवणारा, सांभाळणारा माणूस. आणि 'ड्रायव्हर' तर त्याहून खुपतो. म्हणजे अभिमानाच्या पोटात काय दडलं आहे पाहा. आपला माणूस जे होता त्याची आपल्याला लाज वाटते आणि ती झाकायला आपण त्याला भलताच पोशाख चढवतो. याला अभिमान म्हणायचं का?

पदकांचंही तसंच. नानांच्या पेटीत पाच पदकं आहेत. १९६५ च्या लढाईचं समर सेवा स्टार, १९७१ चं पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं १९७२ चं पदक, आणि वीस वर्षांच्या सेवेचं पदक. यातलं एकही शौर्यपदक नाही. शौर्यपदकं म्हणजे परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र, सेना मेडल. ती एखाद्या विशिष्ट कृत्यासाठी मिळतात. नानांची पदकं सांगतात की हा माणूस त्या वेळी त्या ठिकाणी हजर होता आणि नेमून दिलेलं काम करत होता. चाळीस वर्षं हजेरी घेतलेल्या मास्तरला विचारा, हजर असणं ही किती मोठी गोष्ट असते ते!

"पण काका, त्याने कुणाचं काय बिघडतं?" असं एकाने विचारलं. बिघडतं, म्हणून तर लिहितो आहे.

पहिलं म्हणजे खोट्या हुद्द्याखाली खरं काम गाडलं जातं. 'मेजर' म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारतच नाही. 'ड्रायव्हर' म्हटलं तर लहान पोरगंसुद्धा विचारेल, कुठली गाडी? कुठे नेली? मग सांगता येतं की जबलपूरला बनणारा शक्तिमान ट्रक होता, डोंगरातला एकेरी रस्ता होता, बर्फ होतं, मागे दारूगोळा नाहीतर रेशन होतं, आणि वर चौकीत बसलेल्या जवानाला भाकरी मिळणार की नाही हे त्या स्टिअरिंगवर अवलंबून होतं. रात्री दिवे न लावता गाडी चालवावी लागे, असं नाना सांगायचे. घरातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? त्यांना 'मेजर' ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे लढाई फक्त बंदूकवाला लढतो ही खुळी समजूत आपण पुढच्या पिढीला देतो. ज्यांची नावं आपण आदराने घेतो त्यांची कामं तरी पाहा. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले पहिले मानकरी रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले होते. सेकंड लेफ्टनंट राणे बॉम्बे इंजिनिअर्सचे. त्यांचं काम रस्ता मोकळा करण्याचं. पेरलेले सुरुंग काढायचे, आडवे पाडलेले झाडांचे ओंडके हटवायचे, मोडलेल्या पुलाला वळसा घालून वाट काढायची. पहिल्याच दिवशी ते जखमी झाले, तरी गोळीबारात हे काम त्यांनी दिवसामागून दिवस चालू ठेवलं आणि रणगाडे राजौरीला पोचले. देशाचं सर्वोच्च पदक रस्ता करण्याच्या कामाला मिळालं, मंडळी!

इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे फौजेच्या ई.एम.ई.मधले, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातले कारागीर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय कायमचे निकामी झाले. त्याच माणसाने १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. त्यांच्या मोठेपणाला कुठलाही खोटा हुद्दा लागला नाही.

आणि बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ? त्यांचा हुद्दा खराच सुभेदाराचा होता. पण फौजेत त्यांनी काय केलं? लष्करी शाळेत शिकवलं. त्या काळी पलटणीतल्या लोकांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे, म्हणून घरात अक्षर आलं, आणि त्या घरातून पुढे काय उभं राहिलं ते जगाला माहीत आहे. मास्तर असल्याने मी पक्षपाती असेन, पण त्या लष्करी शाळेतला फळा मला कुठल्याही तलवारीहून मोठा वाटतो.

तिसरं. आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सातारा, कोल्हापूरसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची पलटणीची परंपरा आपल्याकडे नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे'च म्हणतात. घरोघरी फौजी असलेल्या गावात हुद्दा वाढवून सांगायची सोय नसणार, असं मला वाटतं. शेजारचाच म्हातारा फिती मोजून दाखवेल. आपल्याकडे वाडीवस्तीवर एखाददुसरा जवान, त्यामुळे कुणी तपासत नाही. पण म्हणूनच आपली जबाबदारी जास्त. आपण जे लिहू तेच गावाचा इतिहास म्हणून राहणार आहे.

आणि एक दिवस कुणी तपासलंच तर? एक खोटं सापडलं की माणसं बाकीचं खरंही टाकून देतात. मेजर नव्हते म्हटल्यावर लोक म्हणतील, कोण जाणे फौजेत तरी होते का! नानांची बावीस वर्षं आपण पणाला लावतो आहोत, आणि कशासाठी? एका शब्दासाठी.

चौथी गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलतोच. या सगळ्या गौरवात काकूचं नाव कुठे आहे? नाना तिकडे असताना इकडे कोरडवाहू रान तिने एकटीने सांभाळलं. १९७२ च्या दुष्काळात मनीऑर्डर उशिरा आली की ती खडी फोडायच्या कामावर जायची. सुकडी आणि मिलो खाऊन तिने मुलं जगवली. त्यातलाच एक आज पाटीचा मजकूर ठरवतो आहे. संगमरवर एवढा महाग आहे तर त्यावर एक ओळ तिचीही असू द्या.

नुसता विरोध करून भागत नाही, म्हणून काय करावं तेही सांगतो. डिस्चार्ज बुक शोधा. त्यात नंबर, दल, हुद्दा, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख असते. ते हरवलं असेल तर त्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करता येतो. मराठा पलटणीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला. पत्ता कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. उशीर मात्र करू नका, जुने कागद कायम राहत नाहीत. घरात कुणी निवृत्त फौजी हयात असेल तर वहीपेन घेऊन आजच समोर बसा. "किती मारले?" हा प्रश्न विचारू नका. रोज सकाळी उठून काय करायचात, काय खायचात, कशाची भीती वाटायची, ते विचारा. माणूस बोलू लागतो.

हे वाचून आमच्या घरची मंडळी रागावतील, रागावू देत. मी मजकूर लिहून दिला आहे: हवालदार, ड्रायव्हर, आर्मी सर्व्हिस कोअर, १९५७ ते १९७९. खाली काकूचं नाव. त्यात एक अक्षर वाढवायचं असेल तर आधी पेटी उघडा आणि पदकाची कडा उजेडात धरून वाचा. आपल्या फौजेच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. सरकारने लोखंडी ठशाने जे लिहिलं, तेच पाथरवटाला सांगा.