विश्लेषण : बेस, मिड की टॉप? कौटुंबिक मोटार घेताना ‘व्हेरिएंट’ कसे निवडावे?

मोटार कोणती घ्यायची हे घरात एकदाचे ठरते. शोरूममध्ये गेल्यावर मात्र त्याच मोटारीची आठ-दहा व्हेरिएंट समोर येतात आणि खरा गोंधळ तेव्हा सुरू होतो. ‘बेसमध्ये काहीच नाही, मिडमध्ये कॅमेरा नाही, टॉप घ्या, हप्ता थोडाच वाढेल,’ असे ऐकता ऐकता आठ लाखांचे बजेट अकरा लाखांवर जाते. जीएसटी कपातीनंतर लहान मोटारी स्वस्त झाल्याने हा मोह आणखी वाढला आहे. जादा पैसे नेमके कशाचे मोजायचे आणि कुठे थांबायचे, याचा हा आढावा.

व्हेरिएंट म्हणजे नेमके काय?

सांगाडा, इंजिन आणि आकार बहुतेक वेळा तोच; बदलतात त्या सुविधा. मारुतीच्या एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय या पायऱ्या परिचयाच्या आहेत. टाटाने स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह अशी नावे ठेवली. नावांवरून काही कळत नाही, कारण एका कंपनीचे मिड व्हेरिएंट दुसऱ्या कंपनीच्या टॉपइतके भरलेले असू शकते.

बेस मॉडेलची किंमत बहुधा जाहिरातीसाठी असते. ‘अमुक लाखांपासून पुढे’ हा आकडा त्याचाच. ग्राहकाला शोरूमपर्यंत आणण्याचे काम तो करतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर एखादी खरोखर हवी असलेली वस्तू आणि तिच्यासोबत चार नको असलेल्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. मागच्या काचेचा वायपर हवा असेल तर त्यासोबत अलॉय व्हील आणि मोठी टचस्क्रीनही घ्यावी लागते. व्हेरिएंटची सगळी मेख या बांधणीत आहे.

जीएसटी कपातीने गणित कसे बदलले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. लहान मोटार म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल, सीएनजी वा एलपीजीसाठी १२०० सीसीपर्यंत, तर डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंत. या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. मारुती ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने तिला ४० टक्क्यांचा दर लागतो.

लहान पेट्रोल मोटारीवर पूर्वी एक टक्का उपकर धरून २९ टक्के कर होता. तो १८ झाल्याने, कंपनीने पूर्ण लाभ दिला तर किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरते. म्हणजे १० लाख ८० हजारांची मोटार ९ लाख ८८ हजारांच्या आसपास येते. त्याच बजेटमध्ये आता एक पायरी वरचे व्हेरिएंट बसते. पण बसते म्हणून घ्यावेच असे नाही. वाचलेले पैसे डाऊन पेमेंटमध्ये टाकून कर्ज कमी करणे, हाही पर्याय आहे. शोरूममध्ये तो सहसा कुणी सांगत नाही.

दहा लाखांची रेषा महत्त्वाची का?

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के वाहन कर लागतो. डिझेलसाठी हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. मोटार कंपनीच्या नावावर घेतली तर दर थेट २० टक्के होतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्राप्तिकरात वरच्या टप्प्यापुरताच वाढीव दर लागतो. वाहन कर मात्र रेषा ओलांडताच संपूर्ण किमतीवर वाढीव दराने मोजला जातो. ९ लाख ९५ हजारांच्या पेट्रोल मोटारीवर १ लाख ९ हजार ४५० रुपये कर होतो. १० लाख ५ हजारांच्या मोटारीवर तो १ लाख २० हजार ६०० रुपये. किमतीतला फरक दहा हजारांचा, करातला अकरा हजारांहून अधिक. शिवाय १० लाखांपेक्षा जास्त किमतीच्या मोटारीवर एक टक्का टीसीएस कापला जातो. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, पण खरेदीच्या दिवशी रक्कम खिशातूनच जाते. त्यामुळे पसंतीचे व्हेरिएंट या रेषेच्या थोडेसे वर असेल, तर खालची पायरी एकदा तरी तपासावी.

‘फक्त पावणेदोन लाख जास्त’ म्हणजे प्रत्यक्षात किती?

उदाहरणादाखल एका मोटारीच्या एक्स-शोरूम किमती बेस ८ लाख, मिड ९ लाख ४० हजार आणि टॉप ११ लाख २० हजार अशा धरू. मिड आणि टॉपमध्ये १ लाख ८० हजारांचा फरक दिसतो. वाहन कर मिडला १ लाख ३ हजार ४०० आणि टॉपला १ लाख ३४ हजार ४०० रुपये होतो. म्हणजे आणखी ३१ हजार. फरक २ लाख ११ हजारांवर गेला. विम्याचा हप्ताही मोटारीच्या किमतीनुसार वाढतो, तो वेगळाच.

आता ही जादा रक्कम कर्जातून आली आणि व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,३८० रुपयांनी वाढतो. पाच वर्षांत एकूण २ लाख ६३ हजार रुपये भरले जातात. सेल्समन हप्ता कमी दाखवण्यासाठी सात वर्षांची मुदत सुचवतो. त्यात दर दोन लाखांमागे व्याजच ७० हजारांवर जाते. पाच वर्षांच्या मुदतीत ते ४९ हजार होते.

मोटार विकताना काय होते? जुन्या बाजारात वर्ष, किलोमीटर, इंजिन, मालकांची संख्या आणि देखभालीची नोंद पाहिली जाते. टॉप मॉडेलला थोडा अधिक भाव मिळतो, पण सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनसाठी मोजलेले पैसे त्या प्रमाणात परत येत नाहीत. सात वर्षांपूर्वीची टचस्क्रीन आज कुणाला कौतुकाची वाटत नाही.

सुरक्षेसाठी टॉप मॉडेल घ्यावेच लागते का?

दहा वर्षांपूर्वी याचे उत्तर बऱ्याच अंशी ‘हो’ असे होते. एअरबॅग आणि एबीएस वरच्या व्हेरिएंटमध्येच मिळत. नियमांनी हे चित्र बदलले. २०१९ पासून एबीएस, चालकाची एअरबॅग, रिव्हर्स पार्किंग सेन्सर, वेगाची सूचना आणि सीटबेल्टची आठवण करून देणारा गजर सक्तीचा झाला. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्यांना ३१ डिसेंबर २०२१ पासून बंधनकारक झाली.

सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला. आधी ऑक्टोबर २०२२, मग ऑक्टोबर २०२३ अशी मुदत पुढे गेली आणि अखेरीस सक्ती करणार नसल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितले. तरीही स्पर्धेमुळे कंपन्या स्वतःहून पुढे आल्या. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्व मॉडेलना सहा एअरबॅग देण्याची घोषणा केली. मारुतीने २०२५ मध्ये अल्टो के-१० आणि वॅगन आरसारख्या मोटारींच्या सर्व व्हेरिएंटमध्ये त्या दिल्या. त्यामुळे ‘सुरक्षेसाठी टॉप घ्या’ हा युक्तिवाद आता अनेक मोटारींना लागू पडत नाही. सर्वच मोटारींबाबत तसे नाही, म्हणून पसंतीच्या मोटारीच्या माहितीपत्रकात सहा एअरबॅग, ईएससी आणि मागच्या तिन्ही प्रवाशांना तीन बिंदूंचा सीटबेल्ट, या तीन ओळी बेसच्या रकान्यात आहेत का, हे पाहावे.

आणखी एक. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. मोटार महागडी होती. एअरबॅग ही सीटबेल्टला जोड असते, त्याची जागा ती घेत नाही. मागच्या प्रवाशांनाही पट्टा सक्तीचा आहे आणि तो न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे.

तारे कोणत्या व्हेरिएंटचे?

भारत एनसीएपी ही देशी धडक चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. प्रौढांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी गुण दिले जातात. जाहिरातीत फक्त तारे दिसतात; निकालपत्रात तो निकाल कोणत्या व्हेरिएंटना लागू आहे हेही लिहिलेले असते. मारुती बलेनोचे उदाहरण बोलके आहे. दोन आणि सहा एअरबॅगच्या आवृत्त्यांची वेगवेगळी चाचणी झाली. प्रौढांच्या सुरक्षेत पहिलीला २४, तर दुसरीला २६ हून थोडे अधिक गुण मिळाले. तारे मात्र दोन्हींना चारच. म्हणून ताऱ्यांसोबत गुण आणि मुलांसाठीचा रकाना वाचावा. घरात लहान मूल असेल तर मुलांच्या आसनासाठी आयसोफिक्सची सोय आहे ना, हे आधी पाहावे.

नंतर काय बसवता येते, काय नाही?

व्हेरिएंट निवडण्याची ही सर्वांत उपयुक्त कसोटी. म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, सीट कव्हर, अलॉय व्हील, फूटमॅट आणि मोबाइल चार्जर नंतर बसवता येतात. मात्र बाहेर वायर कापून काम केले तर विजेच्या भागांची वॉरंटी अडचणीत येऊ शकते. त्यामुळे कंपनीच्या अधिकृत अॅक्सेसरी घेणे बरे.

एअरबॅग, ईएससी, चालकाच्या आसनाची उंची कमी-जास्त करण्याची सोय, मागच्या आसनांचे हेडरेस्ट, मागचे एसी व्हेंट, मागचा वायपर आणि डिफॉगर या गोष्टी नंतर बसवणे अशक्य किंवा फार खर्चीक असते. पावसाळ्यात वरंधा किंवा आंबा घाटातून कोकणात उतरणाऱ्याला डिफॉगरची किंमत विचारा. मागे म्हातारे आईवडील बसणार असतील तर मे महिन्यात मराठवाड्याच्या रस्त्यावर एसी व्हेंट चैनीत मोडत नाहीत.

सनरूफचे काय? मुलांचा हट्ट असतो हे खरे. पण आपल्याकडच्या उन्हात ती वर्षातले बरेच महिने बंदच राहते आणि चालत्या गाडीत मुलांना तिच्यातून उभे करणे धोक्याचे असते. मोठ्या अलॉय व्हीलचे टायर बदलताना महाग पडतात आणि त्यांची बाजू आखूड असल्याने खड्ड्यांचा दणका जास्त बसतो.

सीएनजी वा ऑटोमॅटिक हवी असेल तर?

महाराष्ट्रात सीएनजी मोटारींवरील कर १ जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढला. १० लाखांच्या आत तो आता ८ टक्के आहे. तरीही पेट्रोलपेक्षा तो कमीच. ८ लाखांच्या पेट्रोल मोटारीची सीएनजी आवृत्ती ८ लाख ९० हजारांना असेल, तर कर अनुक्रमे ८८ हजार आणि ७१ हजार २०० रुपये. म्हणजे ९० हजारांचा फरक प्रत्यक्षात ७३ हजारांवर येतो. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो, तर रस्त्यावरचे मायलेज १५ आणि २२ किलोमीटर धरले, तर किलोमीटरमागे सव्वातीन रुपयांच्या आसपास वाचतात. सुमारे २२ हजार किलोमीटरनंतर फरक वसूल होतो. महिन्याला १,५०० किलोमीटर धावणाऱ्याला सव्वा वर्ष लागेल, ६०० किलोमीटर धावणाऱ्याला तीन वर्षे. डिकीतली जागा आणि गावाकडे पंप आहे का, हेही पाहावे. अनेक मोटारींत सीएनजी टॉप व्हेरिएंटमध्ये मिळत नाही, त्यामुळे इथे निवड आपोआप मधल्या पायरीवर येते.

रोज पुण्या-मुंबईच्या कोंडीत क्लच दाबणाऱ्याने सनरूफचे पैसे ऑटोमॅटिक गिअरवर खर्च केले तर ते रोज उपयोगी पडतात. मिड ऑटोमॅटिक आणि टॉप मॅन्युअल यांच्या किमती अनेकदा जवळपास असतात. हा पर्याय शोरूममध्ये मुद्दाम विचारावा.

मग निवड कशी करावी?

शोरूममध्ये जाण्याआधी घरीच दोन याद्या कराव्यात : ‘नसेल तर चालणार नाही’ आणि ‘असेल तर बरे’. पहिली यादी ज्या सर्वांत खालच्या व्हेरिएंटमध्ये पूर्ण होते, ते आपले व्हेरिएंट. बेसमध्ये सुरक्षा पूर्ण असेल आणि वापर कमी असेल, तर बेसही चुकीचे नाही. बहुतेक कुटुंबांची यादी मिडमध्ये पूर्ण होते. टॉप घेण्यातही गैर काही नाही. फक्त ते कर्ज न वाढवता परवडत असेल तर घ्यावे.

तुलना नेहमी ऑन-रोड किमतीची करावी आणि तिचा तपशील लेखी मागावा. त्यात अॅक्सेसरी पॅक किंवा ‘हँडलिंग चार्जेस’ अशी नोंद असेल तर ती सरकारी आकारणी नसते. काढून टाकण्यास सांगावे. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही. ‘बेस उपलब्ध नाही’ असे सांगितले तर दुसऱ्या डीलरकडे चौकशी करावी. आणि टेस्ट ड्राइव्ह जे व्हेरिएंट घ्यायचे आहे त्याचीच मागावी. शोरूमबाहेर उभी असलेली मोटार बहुधा टॉप मॉडेल असते. घरच्या थोरांना मागच्या आसनावर अर्धा तास बसवून पाहिले, की कोणत्या सुविधेची खरी गरज आहे हे सहज कळते.