गंगामाई, सॉरी!

‘थायलंडला चाललेय’ असं ऑफिसात नुसतं सांगून बघा. मुलगा असेल तर कँटीनमध्ये डोळे मिचकावले जातात, मुलगी असेल तर ‘एकटीच?’ असा प्रश्न येतो, आणि दोन्ही केसेसमध्ये शेवटी शॉपिंगची यादी हातात पडते. पट्टाया, फुकेत, मसाज, मॉल. आपल्या डोक्यातलं थायलंड इथंच संपतं. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये मी चिआंग माईला नदीकाठी नुसती बसायला गेले होते, हे आमच्या टीममधल्या काही जणांना अजूनही पटलेलं नाही.

निमित्त होतं लोय क्रथोंगचं. थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याची पौर्णिमा. लोय म्हणजे पाण्यावर सोडणं, आणि क्रथोंग म्हणजे चक्क आपला द्रोण! केळीच्या बुंध्याची जाड चकती, तिच्याभोवती घड्या घालून टाचलेली केळीची पानं, वर झेंडू, उदबत्ती आणि मेणबत्ती. तो नदीत सोडायचा आणि नदीची माफी मागायची. वर्षभर तुझं पाणी वापरलं, त्यात घाण टाकली, सांभाळून घे. जिची माफी मागायची त्या देवीचं नाव ‘फ्रा मे खोंगखा’. दोनदा मोठ्यानं म्हणून बघा. खोंगखा म्हणजे आपली गंगा! ‘मे’ म्हणजे आई. झाली की नाही गंगामाई? आणि ही पौर्णिमा म्हणजे बहुतेक वेळा आपलीच त्रिपुरी पौर्णिमा. २०२४ मध्ये दोन्ही १५ नोव्हेंबरलाच होत्या. तिकीट बुक करण्याआधी मी तारीख घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून घेतली, ट्रॅव्हल एजंटपेक्षा ते जास्त भरवशाचं.

आता एक गोंधळ मिटवून टाकू. आकाशात हजारो कंदील चढताहेत, खाली कपल तोंड वर करून उभं आहे, हा जो फोटो तुमच्या मोबाइलवर दर वर्षी येतो, तो लोय क्रथोंगचा नाही. तो यी पेंगचा. उत्तर थायलंडचा, म्हणजे जुन्या लान्ना राज्याचा हा वेगळा सण. त्याच पौर्णिमेला येतो, म्हणून लोक दोन्हींची मिसळ करतात. कंदिलांचे मोठे तिकीटवाले शो शहराबाहेर होतात, हजारो बाथ मोजून. त्या रात्री कंदिलांच्या भीतीनं चिआंग माई विमानतळावरची कितीतरी उड्डाणं रद्द होतात किंवा वेळा बदलतात. दिसायला सॉल्लिड, प्रश्नच नाही. पण मला त्यापेक्षा घरांच्या उंबऱ्यावर लावलेले मातीचे दिवे आवडले. त्यांना ‘फांग प्रथीप’ म्हणतात. प्रथीप म्हणजे आपला प्रदीप. दिसायला सेम टू सेम पणती. (आपलं संस्कृत कुठे कुठे जाऊन राहिलंय, आणि आपण त्याला दहावीनंतर टाटा केलं!)

मी उतरले होते ते गेस्ट हाउस पिंग नदीपासून पाच मिनिटांवर. चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘पी’ म्हणत. थाईमध्ये वयानं मोठ्या माणसाला ‘पी’ म्हणतात, आपल्या ताई-दादासारखं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की तळमजल्याच्या भिंतीवर साधारण माझ्या कमरेएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ आहे. अगदी पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. ती चिखलाची होती.

ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला पिंगला पूर आला होता. नवरात पुलापाशी पाणी पाच मीटरच्या वर गेलं, शहरानं याआधी नोंदवलं नव्हतं इतकं. नाइट बझारच्या रस्त्यावर होड्या चालल्या. त्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. आणि आता त्याच नदीची माफी मागायला हे शहर पानं दुमडत बसलेलं!

मला हे काही केल्या पचेना. घरात कोण शिरलं होतं? नदी. मग सॉरी कोणी म्हणायचं?

पी ओट्यावर बसून क्रथोंग बनवत होत्या तेव्हा मी विचारलंच, नदीचा राग नाही आला? त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘आला ना. या वर्षी दोन सोडणार आहे. एक सॉरीचा. दुसरा, माझा फ्रिज परत दे म्हणून.’’ आणि स्वतःच खो-खो हसल्या.

संध्याकाळी घाटावर गेले. ठरवलं होतं की आपण काही सोडायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, गप्प एका पायरीवर बसायचं. लाउडस्पीकरवर सुंथराफोन बँडचं लोय क्रथोंगचं जुनं गाणं चालू होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावरचं हे गाणं या सणाला गल्लोगल्ली वाजतं. दहाव्यांदा ऐकलं तेव्हा चाल मलाही पाठ झाली. गणपतीत आपल्या आरत्यांची कॅसेट वाजायची, तसंच.

माझ्या शेजारच्या पायरीवर एक आजी आणि सात-आठ वर्षांची नात. आजीनं नेलकटर काढलं, नातीच्या करंगळीचं नख कापलं, मग स्वतःचं, आणि दोन्ही क्रथोंगमध्ये टाकली. वर एक नाणं. नखाबरोबर वर्षभराचं वाईट वाहून जावं अशी समजूत. मग तिनं क्रथोंग कपाळाला लावला. नातीचं मागणं तीन सेकंदांत उरकलं. आजीचं संपेचना. मेणबत्ती वितळून पानावर ओघळायला लागली तरी डोळे मिटलेलेच. काय बोलत होती कोण जाणे. तिच्या घरातही तसलीच रेघ असेल का, हे विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती आणि खरं तर हिंमतही नव्हती.

क्रथोंग पाण्यात सोडला तर तो परत परत पायरीलाच येऊन चिकटे. आजी हातानं पाणी ढकलतेय, नात ओरडतेय. मग छातीएवढ्या पाण्यात उभा असलेला एक पोरगा आला, त्यानं क्रथोंग मधल्या धारेला लावला आणि जाता जाता त्यातलं नाणं उचलून तोंडात टाकलं. म्हणजे त्याची ‘पर्स’ तीच! आजीनं ते पाहिलं आणि कौतुकानं त्याला काहीतरी म्हणाली. सगळ्या घाटाचा हा सर्व्हिस चार्ज असावा.

शंका तुमच्याही मनात आली असेल. माफी मागायची घाण केल्याची, आणि मागताना पुन्हा नदीत टाकायचं? थायलंडमध्येही हा वाद जोरात असतो. बँकॉक महापालिका सणानंतर क्रथोंग बाहेर काढते आणि चक्क मोजते. २०२३ मध्ये ६,३९,८२८ निघाले. त्यातले २०,८७७ थर्मोकोलचे. २०२४ मध्ये एकूण ५,१४,५९०, आणि थर्मोकोलचे ८,२७०. पावाचे क्रथोंग मध्यंतरी फॅशनमध्ये आले, माशांना खाऊ म्हणून. पण मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेला पाव कुजतो आणि पाणी आणखी बिघडतं. शेवटी केळीचाच बुंधा बरा. पण मला खरी आवडली ती मोजदाद. विसर्जनानंतर आपण इतका शेवटच्या आकड्यापर्यंत हिशेब मांडतो का?

कोल्हापूरची एक मैत्रीण आहे माझी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेचा घाट पणत्यांनी भरतो, तिथे तिची आई दोन्ही वर्षी गेली होती. मैत्रीण तेव्हा आईवर जाम चिडली होती. मी तिला पायरीवरूनच एसेमेस केला, ‘तुझ्या आईसारखी एक आजी शेजारी बसलीय.’ तिचं उत्तर आलं, ‘तिला विचार, या सगळ्या आया अशा का असतात.’

पींनी रात्री अकराला, गर्दी कमी झाल्यावर, दोन्ही क्रथोंग सोडले. दुसरा पहिल्याला जाऊन धडकला, दोन्ही मेणबत्त्या विझल्या आणि अंधारातच पुढे गेले. ‘‘फ्रिज गेला,’’ त्या म्हणाल्या.

सकाळी पालिकेची माणसं लांब दांड्याच्या जाळ्या घेऊन हजर. ओली पानं, झेंडू, उदबत्तीच्या काड्या, सगळं ट्रकमध्ये. पी अंगण झाडत होत्या. चेक-आउट करताना मी त्या रेघेकडे बोट दाखवून विचारलं, रंग कधी काढणार?

‘‘एक पावसाळा जाऊ दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग बघू, ही रेघ राहते की वर दुसरी येते.’’