मुंबईतील दोन दिवस

शारजाहून निघालेले विमान सुमारे तीन तासांत मुंबईस पोहोचते. अंतर इतके अल्प असूनही आमच्या बौद्ध कुटुंबांतील कित्येक मुलांना मुंबई ठाऊक आहे ती विमानतळ, मामाचे घर आणि गावाकडे जाणारी रात्रीची गाडी एवढ्यापुरतीच. वार्षिक रजेतील मुंबईचे दोन दिवस खरेदीत आणि आप्तांकडील भोजनात सरतात. उरल्या तासाभरात चैत्यभूमीवर धावत जाऊन छायाचित्र काढले जाते व कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानले जाते. हे आम्हांस उचित वाटत नाही. मुंबईदर्शनाची आखणी येथे शारजात बसूनच, तिकिटासोबतच झाली पाहिजे.

प्रथम प्रश्न दिवसाचा. (मुहूर्ताचा नव्हे!) येथे २ व ३ डिसेंबरला राष्ट्रीय दिनाची सुटी असते. तिला चार दिवसांची रजा जोडली की ६ डिसेंबर साधतो. लाखोंचा तो जनसागर आणि शिवाजी पार्कवरील ग्रंथविक्रीची दालने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने अवश्य पाहावीत. परंतु सहा-सात वर्षांच्या बालकास त्या गर्दीत केवळ माणसांच्या पाठी दिसतात. त्याला एखाद्या साध्या दिवशी सकाळी न्यावे. सांचीच्या धर्तीवरील तोरण त्याला निवांत पाहू द्यावे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले ते येथेच, हे सांगावे आणि त्याच्या प्रश्नांना अवधी द्यावा.

युनेस्कोने २०१९ साली शारजास 'जागतिक ग्रंथ राजधानी' म्हणून गौरविले. येथील ग्रंथमेळ्यात आमची मुले दरवर्षी जातात. ग्रंथांसाठी बांधलेले घर म्हणजे काय, हे मात्र त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत जाऊन पाहिले पाहिजे. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव धारण करणारे 'राजगृह' बाबासाहेबांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी उभारले. माता रमाईंनी २७ मे १९३५ रोजी याच वास्तूत अखेरचा श्वास घेतला. तथापि आमचा आग्रह असा की, राजगृहापूर्वी परळची बी.आय.टी. चाळ दाखवावी. क्रम उलटला तर अर्थ हरपतो. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत या कुटुंबाने दोन दशकांहून अधिक काळ संसार केला. कोलंबिया व लंडन येथील पदव्या, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० ची गोलमेज परिषद हे सारे त्या बिऱ्हाडाच्या काळातले. दोन खोल्या पाहिलेल्या मुलालाच राजगृहाची उंची कळेल. एक सूचना: चाळ ही लोकांची राहती जागा आहे, कॅमेरे रोखून कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये.

गेटवे पाहायचाच असेल तर वाटेत फोर्टमधील सिद्धार्थ महाविद्यालयाकडेही पाय वळवावेत. १९४६ साली सुरू झालेली ही संस्था आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांची ज्ञानमाता आहे.

दुसरा दिवस संपूर्णपणे कान्हेरीचा. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असते, हे ध्यानी ठेवावे. येथील शाळेत धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिणाऱ्या आमच्या मुलास सोबती विचारतात, "म्हणजे तू चीनचा का?" मुलगा निरुत्तर होतो, कारण धम्माचा इतिहास त्याच्यापुरता १९५६ पासून सुरू होतो. बोरिवलीच्या त्या डोंगरात शंभरांहून अधिक लेणी आहेत. पाण्याच्या पोढ्या आहेत, भिक्षूंचे दगडी ओटे आहेत. दानलेखांत कल्याण व सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची नावे आढळतात. सोपारा म्हणजे आजचा नालासोपारा. लोकलच्या फलाटावर ज्याची उद्घोषणा होते तेच प्राचीन बंदर. इतकेच नव्हे, तर इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या झरथुष्ट्री पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. ती पाहिलेल्या मुलास सोबत्याला सांगण्याजोगे पुष्कळ काही सापडेल.

या आखणीमुळे आप्तांचा रोष होईल, अशी धास्ती अनेक भगिनी व्यक्त करतात. त्यावर उपाय सोपा आहे. त्यांनाही सोबत न्यावे, डबा त्यांच्याच घरचा घ्यावा. बोरिवलीत हयात घालवून कान्हेरीची एक पायरीही न चढलेले मामा आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आहेत.