लेकीच्या गावी, आपल्या वाटेने

लेकीच्या घरी जावयाचे तर आपल्याकडे निमित्त लागे. बाळंतपण, बारसे, आजारपण, नाहीतर एखादा सण. काही घराण्यांत तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचे पाणीही घेत नसत. निमित्तावाचून आई किंवा वडील दाराशी उभे राहिले, की 'काय झाले?' हाच प्रश्न प्रथम ओठांवर येई. आता सेवानिवृत्त माणसे स्वतःची मोटार घेऊन एकटीच दूरच्या प्रवासास निघतात आणि वाटेवर लेकीचे घर आहे म्हणून तेथे उतरतात. ही रीत नवी आहे. तिचे संकेत आपणांसच ठरवावयाचे आहेत.

समजा, आपण नागपुरास एकट्या राहता आणि आपली कन्या बजबज येथे संसार करीत आहे. रायपूर, संबलपूर, केंदुझर, खड्गपूर अशी ही १,१०० किलोमीटरांहून अधिक लांबीची वाट आहे. दिवसा उजेडीच मोटार हाकावी आणि वाटेत तीन मुक्काम करावेत, हे बरे. कोलाघाटला रूपनारायण नदी ओलांडली, की कोलकाता जवळ आले असे समजावे. पुढे १९९२ साली खुल्या झालेल्या विद्यासागर सेतूवरून हुगळी पार करून तारातला, बाटानगर या मार्गाने बजबज गाठता येते.

या वाटेस आपल्या इतिहासाचीही एक आठवण आहे. अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार बंगालवर चालून गेले. त्यांच्या भयाने कोलकात्यात १७४२ साली खंदक खणण्यास आरंभ झाला. आपल्या 'बारगीर' शब्दापासून झालेला 'बर्गी' हा शब्द बंगाली अंगाईगीतांत अजून टिकून आहे. आपल्या नातवास त्याच्या बंगाली आजीने तो ऐकविलाही असेल! ते स्वार चौथ वसूल करावयास गेले होते. आपण कशासाठी जात आहोत, हे मात्र निघण्यापूर्वीच मनाशी नीट ठरवून घ्यावे.

कारण चौथ नाना प्रकारांनी मागता येते. लेकीच्या स्वयंपाकघरातील डबे आपल्या सोयीने लावणे, सरसूच्या तेलाच्या वासाने नाक मुरडणे, नातवंड मराठी बोलत नाही म्हणून आल्या दिवशीच उसासा टाकणे, हे सारे वसुलीचेच प्रकार होत. 'तुझ्यासाठी मी एवढे केले' हे वाक्य उच्चारले नाही, तरी ऐकू जाते. नातवंडाने 'दिदा' म्हणून हाक मारली तर तिला ओ द्यावी. 'आजी' हा शब्द त्याला दोन दिवसांत हसतखेळत शिकविता येईल.

याहून नाजूक गोष्ट निराळीच आहे. एकटी आई आली, की घरातल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: ही आता कायमची राहावयास आली काय? आईच्या मनातही दुसरा प्रश्न असतो: हातपाय थकले तर या घरात मला जागा आहे काय? दोन्ही प्रश्न कोणी विचारीत नाही. मग त्यांची उत्तरे चहाच्या कपात आणि अंथरुणाच्या जागेत शोधली जातात आणि नसते गैरसमज होतात. आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा २००७ साली झाला. मुलगी त्यातून वगळलेली नाही. परंतु मनातले बोलून दाखविण्याचे काम कायदा करू शकत नाही.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पोहोचताच निघण्याचा दिवस सांगावा: 'तीन दिवस राहीन, मग डायमंड हार्बर पाहून परतेन.' घरातला ताण त्या एका वाक्याने उतरतो. आणि मनातला प्रश्न अंगात बळ आहे तोवर, आजारपणाच्या खाटेवरून विचारण्याची वेळ येण्यापूर्वी, लेकीस व जावयास एकत्र बसवून सरळ विचारावा. उत्तर 'होय' असो, 'नाही' असो, की 'विचार करू' असो, ते ऐकून घ्यावे. स्वतःच्या मोटारीने आलेल्या माणसाला ते ऐकणे थोडे सोपे जाते. परतीची वाट त्याची त्याला ठाऊक असते.

उरलेल्या वेळात लेकीकडून तिचे गाव समजून घ्यावे. तागाच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्या यांपलीकडेही बजबजला पुष्कळ आहे. पश्चिमेकडील देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद १८९७ च्या फेब्रुवारीत येथेच बोटीतून उतरून आगगाडीने सियालदहला गेले. कॅनडाने परत धाडलेले 'कोमागाता मारू' जहाज २९ सप्टेंबर १९१४ रोजी येथे लागले. त्या थकल्या उतारूंना सरकार सक्तीने पंजाबकडे पाठवू लागले, त्यांनी ते नाकारले आणि गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. त्यांच्या स्मारकाचे अनावरण १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. नातवाचा हात धरून तेथे जावे आणि त्यालाच माहिती सांगू द्यावी. मग घाटावरून होडीने पलीकडच्या बाउडियास जाऊन यावे.

ज्या गावात लेकीने आपले आयुष्य मांडले, ते गाव आपण आवडीने पाहिले, एवढी एक गोष्ट ती पुष्कळ वर्षे जपून ठेवील. ठरल्या दिवशी सकाळी निघावे. आग्रह झाला तरी मुक्काम वाढवू नये. पुढील खेपेस तोच आग्रह आपल्या आधी नागपुरास पोहोचेल.