पंधरा दिवसांनंतरचे आजारपण

प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार झाले आणि रोगी वाचला, की वैद्यकाच्या खातेवहीत ती नोंद जमेच्या बाजूला पडते. ते योग्यच आहे. परंतु त्याच व्यवहारात खर्चाच्या बाजूला काय पडले आणि ते कोणी सोसले, याचा हिशोब सहसा मांडला जात नाही. मी ज्या खर्चाविषयी लिहीत आहे तो लघवीवरील ताबा जाण्याचा आहे. असला विषय पक्षाच्या साप्ताहिकात कशाला, असे काहींना वाटेल. साठी ओलांडलेले आपले काही जुने कार्यकर्ते हल्ली लांबच्या सभांना का येत नाहीत, याची चौकशी त्यांनी एकदा आपुलकीने करावी.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधूनच जातो. शस्त्रक्रियेने ती काढली, की लघवी रोखून धरणारी आतली यंत्रणा बहुतांशी तिच्याबरोबर जाते आणि सारा भार खालच्या एका स्नायूवर येतो. मग खोकला आला, बादली उचलली, एसटीची पायरी चढली, की कपडे ओले होतात. किरणोपचारात हे कमी घडते. तेथे घाई, जळजळ आणि वारंवार जावे लागणे हा त्रास असतो.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक पैशातून झालेल्या 'प्रोटेक्ट' या चाचणीने याचे मोजमाप केले आहे. १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नियमित देखरेख अशा तीन गटांत विभागणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांत या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच होते. पॅड वापरावे लागण्याचे प्रमाण मात्र सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात ४६ टक्के, तर इतर दोन्ही गटांत पाचाच्या आत होते. बारा वर्षांनंतरही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा पॅड वापरीत होता. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: रात्री दोनदा वा अधिक उठावे लागणाऱ्यांची संख्या याच गटात सर्वांत कमी होती. शिवाय या साऱ्यांचा रोग ग्रंथीपुरता मर्यादित होता. आपल्याकडे अनेकांना तो पसरल्यावरच कळतो; तेव्हा 'शस्त्रक्रिया नको' असा निष्कर्ष कोणी काढू नये.

विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली असे दाखवून दिले, की उत्पादनाच्या खर्चाचा मोठा भाग उद्योग आपल्या हिशोबात धरीतच नाही. तो तिसऱ्याच्या माथी मारला जातो. आरोग्यव्यवस्थेचे वेगळे काय चालले आहे? आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च पंधरा दिवसांपुरता मिळतो. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना ही योजना खुली झाली, याचे स्वागतच आहे. पण ज्या त्रासाची गणना सहा महिन्यांनी आणि बारा वर्षांनी करावी लागते, त्याला पंधरा दिवसांची मर्यादा कोणत्या शास्त्राने ठरविली?

माझी स्वतःची शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षे झाली. मला निवृत्तिवेतन आहे, स्नायूंचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट पैसे देऊन घरी बोलावता आला. शेजारच्या खाटेवर बाजार समितीतला एक हमाल होता. घरी सोडताना त्याला सांगण्यात आले, की जड उचलू नका. हमालाला! व्यायामाचा एक छापील कागद त्याच्या हाती दिला गेला. त्याला वाचता येत नव्हते. पॅडऐवजी तो जुन्या धोतराचे तुकडे वापरीत असे आणि ते धुण्याचे काम अर्थातच त्याच्या पत्नीकडे गेले. त्या श्रमाची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात दिसत नाही, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना मी नव्याने सांगण्याची गरज नाही.

स्त्रियांच्या सॅनिटरी नॅपकिनवरील कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला, कारण स्त्रिया लाज बाजूला ठेवून बोलल्या. प्रौढ रुग्णांच्या डायपरवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के कर होता. आता तो पाच टक्के आहे. तो शून्य व्हावा म्हणून कोणता पुरुष रस्त्यावर आला? पौरुषाच्या खोट्या कल्पनेने येथे पुरुषालाच मुका केले आहे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतील कार्यकर्त्या स्त्रियांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या मागत आहेत. त्यांच्या मागणीशी आपली मागणी सहज जोडता येईल. पॅड बदलणाऱ्या माणसाला उघडी मुतारी उपयोगाची नाही, त्याला कडीचे दार लागते.

आपले नगरसेवक जेथे निवडून आले आहेत, तेथे अंदाजपत्रकापूर्वी दोन गोष्टी मागता येतील. पालिकेच्या रुग्णालयात या व्यायामांसाठी आठवड्यातून एक दिवस मोफत फिजिओथेरपिस्ट. आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आत, झाकणाची एक कचरापेटी. ब्रिटनमध्ये 'प्रोस्टेट कॅन्सर यूके' ही संस्था अशाच पेट्यांसाठी भांडते आहे. आपल्याकडे तिचा खर्च कोणत्याही उद्घाटनाच्या मांडवापेक्षा कमीच येईल.